काचेच्या टाकीतला वऱ्हाडी उन्हाळा



होळी झाली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एकच लगबग सुरू होते. कूलर पुसून काढायचा, त्याच्या ताट्यांत नवी खस भरायची, माठ आणायचा, गच्चीवर कुरड्या-सरगुंडे घालायचे. या यादीत हल्ली आणखी एका कामाची भर पडली आहे, आणि ते काम मात्र आपल्या आई-आजीनं आपल्याला शिकवलेलं नाही. ते म्हणजे दिवाणखान्यातली माशांची टाकी उन्हाळ्यातून सुखरूप पार पाडणं.

अकोल्याच्या एका वाचक मैत्रिणीनं लिहिलं आहे: "मुलाच्या वाढदिवसाला जानेवारीत दोन फुटी टाकी घेतली. आत खरी झाडं लावली आहेत. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी टाकीपाशी बसतो. आत्ता मार्चमध्येच पाणी ३१ अंशांवर गेलं आहे. दुकानदार म्हणतो, पाणी थंड करायचं यंत्र घ्या. सासूबाई म्हणतात, 'मासोळ्यांले पंखा अन् माणसांले घाम!' मे महिन्यात पंधरा दिवस मला माहेरी अमरावतीला जायचं आहे. तोवर हे जीव जगतील का? की आत्ताच कुणाला देऊन टाकू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काही थट्टा नव्हे. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा अकोला जिल्ह्यात प्रशासनाला उन्हापायी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं. शिकवणीचे वर्ग सकाळी १० च्या आत नाहीतर संध्याकाळी ५ नंतर घ्या, असं सांगावं लागलं. माणसांची ही तऱ्हा, तर काचेत कोंडलेल्या जिवांचं काय? म्हैस डबक्यात जाऊन बसते, चिमणी वळचणीला येते. टाकीतल्या माशाला मात्र आपण ठेवू तिथंच राहावं लागतं. म्हणून हा प्रश्न शोभेच्या वस्तूचा नाही, घरातल्या एका जबाबदारीचा आहे.

पण घाबरू नका. यंत्राची गरज नाही, आणि टाकी देऊन टाकायचीही घाई नको. उपाय आपल्या स्वयंपाकघरातल्या माठातच आहे. कसा, ते सांगते.

पाणी तापलं की नेमकं काय बिघडतं?

मासा उन्हानं भाजून मरतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, तो गुदमरतो. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासे जगतात, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५, आणि ३५ अंशांना जेमतेम ७. तुम्ही म्हणाल, फरक तो केवढासा! पण पाणी तापलं की माशाच्या शरीराचा कारभारही भराभर चालतो. दहा अंश वाढले की त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे खर्च वाढला आणि पगार घटला, अशी त्याची गत होते.

त्यातच टाकीत झाडं असली तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञानं एका भांड्यात दोन गोल्डफिश, थोड्या गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पातीची वनस्पती एकत्र ठेवून दाखवली. झाडानं प्राणवायू द्यायचा, माशानं झाडाला कर्बवायू द्यायचा, असा हा संसार. पण हा संसार उजेडातच नीट चालतो. रात्री झाडंही माशांसारखाच प्राणवायू घेतात, आणि पाणी गरम असेल तर जास्तच घेतात. म्हणून झाडांच्या टाकीला खरा धोका भर दुपारी नसतो, पहाटे चार-पाचला असतो. मे महिन्यात सकाळी उठल्याबरोबर टाकीकडे बघा. मासे वर येऊन तोंडं उघडी-मिट करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर तो त्यांचा निरोप समजा.

झाडंही सांगत असतात, बरं का. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळू लागली, मॉस तपकिरी पडलं, काचेवर हिरवं शेवाळ झपाट्यानं वाढलं, म्हणजे पाणी त्यांना सोसत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे टाकीत एक साधा तापमापक लावा. सकाळी सहाला आणि दुपारी चारला आकडा बघून दिनदर्शिकेवर, दूध-गॅसच्या नोंदीशेजारी, लिहून ठेवा. २६ ते २८ अंश म्हणजे उत्तम. ३० पर्यंत बहुतेक मासे निभावून नेतात. ३२ च्या वर मात्र दिवसामागून दिवस राहिलं तर काही ना काही बिघडणारच.

माठ काय सांगतो?

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. आर्द्रतेचा धडा आला की ओल्या आणि कोरड्या फुग्याचे दोन तापमापक वर्गात न्यायचे. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळायचं, दुसरा तसाच ठेवायचा. मलमलीतलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, आणि तो पारा खाली येतो. हवा कोरडी असेल तितका तो जास्त खाली येतो. माठ, सुरई, वाळ्याचे पडदे, कूलर या सगळ्यांचं मर्म एवढंच.

आता एक गंमत बघा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला पारा २३-२४ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईला त्याच दिवशी हवा नुसती ३४ अंश, पण आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तो २८ च्या खाली यायला तयार नसतो. म्हणजे मुंबईची जाऊबाई "आमच्याकडे बाई तुमच्यासारखा उन्हाळा नाही" म्हणत असली, तरी माठाचं थंडगार पाणी प्यावं ते आपल्याकडेच! आपली हवा होरपळवणारी आहे, पण कोरडी आहे. तोच आपला उपाय.

काचेच्या टाकीचं दुखणं एवढंच, की ती घाम न येणारा माठ आहे. बाजूनं काच, वरून झाकण, झाकणात दिवा. पाणी उडायला वाटच नाही. ती वाट आपण करून द्यायची.

टाकीला घाम फुटू द्या

झाकण काढून टाका. त्याजागी लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बसवा. मासे उड्या मारून बाहेर पडत नाहीत, पाल आत पडत नाही. मग एक लहान पंखा असा लावा, की वारा पाण्याच्या पृष्ठावरून तिरपा वाहून जाईल. संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा अडॅप्टरवर चालतो. तो चार-पाच वॉटच घेतो, चोवीस तास चालला तरी युनिटचा दहावा हिस्सा जळतो. नाहीतर घरातला टेबल फॅन मंद गतीवर ठेवला तरी चालेल, फक्त तो टाकीपासून हातभर दूर असावा.

वायर सरळ टाकीवरून बटणाकडे नेऊ नका. तिला मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाशीच ठिबकेल, बटणात शिरणार नाही. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करायची, हे मुलांनाही बजावून ठेवा.

आता हिशेब मांडू. लिटरभर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतं. दोन फुटी टाकीत वाळू-दगड वजा जाता साठेक लिटर पाणी असतं. त्या पाण्याला नऊ-दहा अंश उतरवायला एवढी उष्णता पुरते. खोलीतली गरमी मागून येतच असते, म्हणून प्रत्यक्षात तीन-चार अंशच पदरात पडतात. पण ३२ चे २८ झाले तरी जीव वाचतात. शिवाय वाऱ्यानं पाणी हलतं, त्यामुळे प्राणवायूही जास्त मिसळतो.

पंखा लावायचा तर रात्रंदिवस लावा. दुपारी लावला, रात्री बंद केला, असं नको. एका दिवसात तीन-चार अंशांचा चढउतार माशांना गरमीइतकाच बाधतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, तो रोग अशा हेलकाव्यांनीच उचल खातो.

कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट होते, मग टाकीचा पंखा कमी काम करतो. पण खोलीच थंड असते, म्हणून टाकीचा तोटा नाही. खरी परीक्षा असते ती मृगाच्या आगेमागे. आभाळ भरून येतं, पाऊस पडत नाही, घामोळ्यानं जीव नकोसा होतो. त्या आठ-दहा दिवसांत कूलरही हरतो आणि टाकीचा पंखाही. तेव्हा हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा, खाऊ निम्मा करा आणि पावसाची वाट बघा.

उडालेलं पाणी कशानं भरायचं?

इथं आपल्या भागातल्या बायकांनी विशेष लक्ष द्यायला हवं. पंख्याखाली दिवसाला एक ते दोन लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, पण त्यातले क्षार मागेच राहतात. जुन्या माठावर बाहेरून पांढरा थर येतो ना, तो या क्षारांचाच.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला माहेर-सासर असलेल्या कितीतरी जणींनी विहिरीच्या पाण्यात डाळ न शिजण्याचा त्रास काढला आहे. तसलं बोअरचं पाणी टाकीत रोज दीड लिटर घातलं, तर चाळीस दिवसांत साठ लिटर झालं. म्हणजे एका टाकीइतके क्षार वरून आणखी पडले, आणि खारटपणा दुप्पट झाला! दूध आटवून बासुंदी करावी, तसं आपण पाणी आटवत जातो. झाडं आधी खुरटतात, मग मासे सुस्तावतात, आणि आपण दोष देतो उन्हाला.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई शक्यतो आरओच्या पाण्यानं करा. (आरओतून बाहेर सांडणारं पाणी नव्हे हं! त्यात क्षार जास्तच असतात.) मात्र सबंध टाकी आरओच्या पाण्यानं भरू नका, झाडांना थोडे क्षार लागतातच. आरओ नसेल तर नळाचं पाणी. अमरावतीला ते अप्पर वर्धा धरणाचं येतं, अकोल्याला काटेपूर्णेचं, आणि बोअरपेक्षा ते केव्हाही बरं. त्यात क्लोरीन असतो, म्हणून चोवीस तास उघडं ठेवून मगच वापरा. एक जुना, धुतलेला माठ यासाठी वेगळा काढून तोंडाला फडकं बांधून ठेवला, तर क्लोरीनही जातो आणि पाणीही गार राहतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी थेट कधीच घालू नका. त्या वेळी त्यात हातसुद्धा घालवत नाही.

टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करा, आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरा. एकदम दोन बादल्या ओतण्यापेक्षा रोजचं तांब्याभर चांगलं.

"नळ चार दिवसांनी येतो, त्यात माशांना पाणी कुठून द्यायचं?" असं घरातलं कुणी म्हणालं, तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण दोन लिटर म्हणजे किती, तेही सांगा. खोलीतला कूलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर सहज पितो. शिवाय आठवड्याला टाकीतून जे पाच-सहा लिटर पाणी आपण बदलतो, ते मोरीत ओतू नका. माशांच्या मळाचं खत त्यात असतं, मोगरा आणि तुळस त्यावर छान वाढतात.

उष्णता येते कुठून, तेही बघा

थंड करण्याआधी तापवणं थांबवावं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला टेकून असेल तर आत्ताच, मार्चमध्येच, हलवा. जुन्या धाब्याच्या घरात माजघर कसं गार असायचं! तशी घराच्या मधली, तळमजल्यावरची जागा शोधा. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहात असाल तर गच्चीला चुना लावून घ्या. त्यानं माशांचं होईल तसंच तुमचंही भलं होईल. टाकीच्या मागं आणि दोन्ही बाजूंना थर्माकोलचे तुकडे चिकटवा, समोरची काच तेवढी बघायला मोकळी ठेवा.

पाण्यात बुडवलेला फिल्टरचा पंप हा गुपचूप तापवणारा. पंधरा वॉटचा असला तरी त्याची सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. दिवसभरात साठ लिटर पाणी पाच अंशांनी तापवण्याइतकी ती असते. त्याऐवजी टाकीबाहेर बसणारा हवेचा पंप आणि स्पंजचा फिल्टर वापरा. उन्हाळ्यापुरता केलात तरी पुरे. मात्र बदल एका दिवसात करू नका. दोन-तीन आठवडे दोन्ही बरोबर चालवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू नव्या स्पंजात बस्तान बसवतील.

दिवा सहा तासांच्या वर नको. तो सकाळी सहा ते बारा ठेवा. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा उजेड मिळाला की झाडं लगेच कामाला लागतात. आणि दुपारच्या तापत्या वेळी दिव्याची भर पडत नाही.

खाऊ कमी करा. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच. उरलेला खाऊ सडताना प्राणवायू खातो आणि अमोनिया सोडतो, आणि गरम पाण्यात त्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. टाकीची मोठी साफसफाई, झाडांची छाटणी होळीच्या सुमारास उरकून घ्या. मे महिन्यात मुळं उपटायची नाहीत.

झाडं आणि मासे निवडताना

व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम (दुकानात 'हॉर्नवर्ट' म्हणतात), आणि आपली नीरब्राह्मी म्हणजे बाकोपा. ही मंडळी आपल्या देशातल्या तळ्या-नद्यांतलीच, गरमी जाणणारी. यांच्यावर टाकी उभी करा. मॉस, जावा फर्न यांना गार पाणी हवं, ती झाडं मार्चमध्ये विकत घेऊ नका.

माशांत गोल्डफिश सर्वांना आवडतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सर्वांत आधी जातो तोही तोच. तो मुळात थंड पाण्याचा, विशीच्या आसपासच्या अंशांत सुखी असणारा. लहान टाकीत, वऱ्हाडच्या मे महिन्यात, त्याला ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं. त्यापेक्षा गप्पी, मॉली, झेब्रा डॅनिओ घ्या. गुरामी आणि फायटर यांना तर वर येऊन थेट हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गानंच दिली आहे. आणि मासे नेहमीपेक्षा कमीच ठेवा. थंडीत दहा मासे सुखानं राहतात त्या टाकीत उन्हाळ्यात सहाच बरे.

वीज गेली तर?

लोडशेडिंगचे तास ठरलेले असोत की अवचित, तयारी हवी. सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप दुकानात मिळतो, तो घेऊन ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी हवेचा पंप, मग पंखा. काहीच नसेल तर दर पाव तासानं तांब्यानं टाकीतलं पाणी उपसून वीतभर उंचीवरून हळूहळू परत ओता. दहा-वीस वेळा केलं की पुष्कळ हवा मिसळते. मुलांना हे काम द्या, ती आनंदानं करतात. बाहेरच्या काचेला जुनं सुती धोतर भिजवून गुंडाळा, त्याची टोकं पाण्यानं भरलेल्या ताटात सोडा. काच मातीइतकी सच्छिद्र नसली तरी माठाची थोडी चाल त्यातून साधते.

बर्फाचं सगळ्याच जणी विचारतात. बर्फ सुटा टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून ती बाटली बूच लावून तरंगत ठेवा. एका लिटरच्या बाटलीनं साठ लिटर पाणी जेमतेम दोन अंश उतरतं, आणि ती वितळली की पुन्हा चढतं. म्हणून हा उपाय आणीबाणीपुरता, रोजचा नव्हे. एका वेळी एकच बाटली टाका.

आणि ते पाणी थंड करायचं यंत्र? ते पाण्यातली उष्णता काढतं खरं, पण ती खोलीतच टाकतं. वीजही पंख्याच्या कितीतरी पट खातं, आणि वीज गेली की तेही बंद. दोन फुटी टाकीसाठी आपल्या कोरड्या हवेत त्याची गरज नाही.

माहेरी जाताना

आता आपल्या मैत्रिणीचा खरा प्रश्न. उन्हाळ्यात टाक्या बुडतात त्या बहुधा बाई घरात नसतानाच. घर बंद, खिडक्या बंद, आत भट्टी. किंवा घरी राहिलेले 'हे' प्रेमानं मूठभर खाऊ टाकून कामावर जातात!

निघण्याआधी आठवडाभर थोडंथोडं पाणी बदला, पिवळी पानं काढा. भरपाईचं पाणी माठात भरून ठेवा. रोजच्या खाऊच्या कागदी पुड्या बांधा, दिवसाआड एक, आणि खाऊचा डबा चक्क कुलपात ठेवा. मोठा, निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही. जास्त खाऊनच तो मरतो. दिव्याला टायमर लावा, पडदे ओढा, पण झरोका उघडा ठेवा. बंद खोलीत पाण्याची वाफ साचली की पंख्याचं काम मंदावतं. शेजारच्या वहिनींना किल्ली देऊन कागदावर तीनच ओळी लिहून द्या: खुणेपर्यंत पाणी भरा, एक पुडी टाका, मासे वर तोंड काढत असतील तर मला फोन करा. जाण्याआधी एक दिवस त्यांच्याच हातून हे करून घ्या. आणि वहिनींच्या घरी जाताना हात रिकामा नको, हे मी सांगायला हवं का?

एवढी सोय होणार असेल तर टाकी ठेवा. पंधरा दिवस कुणीच बघणारं नसेल, तर मात्र मासे आधीच ओळखीच्या घरी किंवा दुकानदाराकडे पोचवा. मुलाला खरं कारण सांगा. तो रडेल, पण परत आल्यावर मेलेले मासे बघण्यापेक्षा ते बरं.

एक कळकळीची विनंती. नको झालेले मासे वडाळी तलावात, छत्री तलावात किंवा कुठल्याही नदीनाल्यात सोडू नका. त्यात पुण्य नाही. शोभेच्या टाकीतला तो काळा, काच चाटणारा सकर मासा उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो आहे. तो खपत नाही, वर जाळी फाडतो. आपल्या घरातलं ओझं दुसऱ्याच्या पोटावर जाऊ नये.

काचेची टाकी झेपतच नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. न रंगवलेला मातीचा पसरट रांजण पडवीत, सावलीत ठेवा. निम्मा वाळूत पुरला तर अधिक छान. आत थोडी माती-वाळू, हायड्रिला, नीरब्राह्मी आणि पाच-सहा गप्पी. रांजणाला आपोआप घाम येतो, पंखा नको की वीज नको. गप्पी डासांच्या अळ्या खातात. पाण्याची पातळी तेवढी रोज सांभाळायची.

उन्हाळ्याचं वेळापत्रक

थोडक्यात कापून ठेवण्यासाठी:

होळी: टाकीची जागा बदला, छाटणी करा, तापमापक लावा. स्पंज फिल्टर सुरू करा.

रामनवमी: झाकण काढून जाळी बसवा. मागं आणि बाजूंना थर्माकोल लावा. दिवा सकाळी सहा तास.

अक्षय तृतीया: पिण्याचा नवा माठ येईल, जुना टाकीच्या पाण्यासाठी घ्या. पंखा रात्रंदिवस. खाऊ एकदा.

मे: रोज सकाळी खुणेपर्यंत पाणी. आठवड्याला पाच-सहा लिटर बदल. पहाटे मासे बघा.

मृग: रात्री हवेचा पंप चुकवू नका. पाऊस स्थिरावला की पंखा काढा.

अकोल्याच्या मैत्रिणीला माझं सांगणं असं, की टाकी देऊ नका. आज संध्याकाळीच झाकण काढा, पंखा लावा, आणि पुढचे आठ दिवस मुलालाच आकडे लिहू द्या. सासूबाईंनाही एकदा टाकीजवळ बसवून सांगा, की हा त्यांच्या माठाचाच प्रकार आहे. त्यांनी आयुष्यभर माठ सांभाळले आहेत, पाणी किती उडतं आणि केव्हा भरायचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तुम्ही माहेरी गेल्यावर किल्लीही मग शेजारी द्यावी लागणार नाही.

इतर मैत्रिणींनीही आपल्या टाकीचे सकाळ-दुपारचे आकडे गावाच्या नावासह जरूर कळवावेत. पुढच्या अंकात बघू कूलरची निगा, विशेषतः त्याच्या टाकीत होणाऱ्या डासांबद्दल.